फौजीची सायकल

माझा थोरला भाऊ फौजेत होता आणि मी घरी ऊस बघत होतो. नव्वदनंतरची गोष्ट. एका सुट्टीला दादाने एस.टी.च्या टपावर टाकून गिअरची, जाड टायरची एक जुनी सायकल पाटणपर्यंत आणली. कुणा साहेबाने टाकून दिलेली. चेन गंजून गज झालेली, मागचं चाक वाकडं. सुट्टी संपताच तो गेला आणि सायकल माझ्या गळ्यात पडली.

तिला माणसात आणलं ते मी. चेन रॉकेलमध्ये भिजवली, चाकांतले छर्रे नवे भरले, कऱ्हाडहून टायर आणले. गिअरची तार ओढून ओढून जुळवण्यात पावसाळा गेला. मग मी तिच्यावरून कोयनेच्या अंगाच्या जंगलात जाऊ लागलो. करवंदीच्या जाळ्यांतली लाल वाट, वर कुठेतरी शेकरू ओरडायचं, आणि मी एकटा. पण परतताना पारावर कोणीतरी विचारायचंच, फौजीची सायकल न्हवं? हो म्हणताना मी आतून जळायचो. आई शेजारणीला कौतुकाने सांगे, माझ्या लेकानं आणलीय. लेक म्हणजे तो. मी कोण होतो, कुणास ठाऊक.

दसऱ्याला दादा आला. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, कुदळ, नांगराचा फाळ सगळं धुऊन देवापुढे मांडतात, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. त्या सकाळी मी गिअरची नवी तार घालायला जुनी काढली आणि आंघोळीला गेलो. तेवढ्यात आईने माझे नटबोल्टाचे पाने नि पक्कड उचलून कोयत्याशेजारी मांडले आणि हळदकुंकू लावलं. नवी तार राहिली, आणि तारेवाचून गिअर सगळ्यात जडावर जाऊन बसला. सायकलीपुढचा नारळ वडिलांनी दादाच्या हातात दिला. मी झेंडूचा हार धरून बाजूला उभा. तो नारळ मला फोडायचा होता, दुसरं काही नको होतं.

सायकलीला अवजारांसारखा नेम नाही, पूजा झाली की चालवायची. दुपारी दादा म्हणाला, चल जंगलात. त्याला गिअरची, मला वडिलांची काळी सायकल. चढाला ओढणार नाही, असं मी त्याला बजावलं आणि मनात म्हटलं, होऊ दे फजिती. पण तो पॅडलवर उभा राहून अख्खा चढ मारून गेला, एकदाही पाय टेकला नाही. मी मागून सायकल ढकलत. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

तो चढाच्या माथ्यावर, टेपावर बसला होता. मी धापा टाकत पोचलो आणि तोंडातून निघूनच गेलं, की जोडली मी आणि नारळ तुझ्या हातात. दादाने घाम पुसला. खाली आमच्या रानाकडे बोट केलं.

"तुज्याकडं आई हाय, बा हाय, रान हाय," तो म्हणाला. "रोज चुलीवरची भाकर हाय. मी तिकडं पडलो की हितं माझं काय ऱ्हातंय, गड्या? लोक सायकल बघून माझं नाव तरी काढत्यात. लय जळतो रं मी तुज्यावर."

उतारावर त्याने सायकल माझ्यापुढे केली, घे म्हणाला. मी बसलो नाही.

माझ्यावर जळणारं कोणी जगात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता त्याच्यावर रागवावं तर तेही जमेना. माझ्याकडे माझा असा तो रागच तेवढा होता, तोही त्याने नेला.