सूर्य मावळल्यानंतरचं पाणी

मार्गशीर्षातलं कलतं ऊन केळीच्या पानांतून गाळून येतं तेव्हा त्याला हिरवट छटा चढते, आणि तापीकडून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा, थोडा डिझेलचाही वास असतो. त्या वासावरच आमच्या घराचा प्रपंच चालला; इंजिनानं पाणी ओढलं, केळी पिकली, आणि घरातली पहिली पदवी माझ्या हाती आली. आता मी इथून जवळच्याच लालबागच्या शाळेत विज्ञान शिकवते. देशानं धुराचं ओझं उतरवायचं ठरवलं आहे, हे वर्गातल्या मुलींना सांगताना मला ते अंतःकरणापासून पटलेलं असतं.

म्हणून दादाच्या मळ्यात सौर पंप बसला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. डिझेल परदेशातून येतं. दूर कुठे युद्ध पेटलं की आमच्या पाटातलं पाणी महागतं. ऊन मात्र आपलं आपल्या बांधावर पडतं. हे मीच दादाला पटवलं होतं.

एका संध्याकाळी जुनं डिझेल इंजिन विकत घ्यायला डोईफोडिया गावचा एक माणूस टेंपो घेऊन आला. "भाऊ, आता याचं काय लोणचं घालता? धूप तर फुकट आहे," तो म्हणाला. दादा हसला नाही. थंडीची लाट येणार अशी बातमी होती. अशा पहाटे विहिरीचं कोमट पाणी मिळालं नाही तर केळीचा घड बुंध्यातच अडकतो, वर्षाचं पीक जातं. विजेची लाइन मळ्यापर्यंत आलेली नाही, आणि सौर पंपात वीज साठवायची सोय नव्हती.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, पहाटे तुमच्या सूर्याला उठवायला कोण जाईल?"

दादा मात्र माझ्याकडेच बघत होता. "तू सांग बाई. तू शिकेल आहेस."

त्यात टोमणा नव्हता, विश्वास होता. म्हणूनच ते जड गेलं. पॅनलच्या काळ्या काचांवरचा तांबूस उजेड विझत होता आणि पंपाची धार बारीक होत होत थांबली. माझ्याजवळ वाक्यं पुष्कळ होती. त्यांतलं एकही पाणी ओढणारं नव्हतं.

"राहू दे इंजिन," मी म्हणाले. टेंपो रिकामा गेला.

दोन दिवसांनी लाट आली. पहाटे इंजिन धडधडू लागलं, आणि धुराच्या थरामुळे पानांवर गारठा उतरू नये म्हणून दादानं बांधोबांध ओल्या पाचोळ्याचे ढीग पेटवले. शाल गुंडाळून मीही एका ढिगापाशी उभी राहिले. डोळे चुरचुरत होते. मग वारा सुटला, धूर विरळ होऊ लागला, तशी मी वाकले आणि आणखी ओला पाला त्यावर टाकला.