उसनी मुलं

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची सवय अशी, की नाही म्हणायचं असलं तरी आधी "हौ" म्हणायचं. मी मराठी वर्गाची बाई, म्हणून मला तेलुगू रिवाजाप्रमाणे पंतुलम्मा म्हणत. चहा विचारला की, "हौ पंतुलम्मा, नक्को." मग मुलांच्याच बाकावर बसत, छत्री मांडीवर आडवी घेत आणि डोळे मिटत. झोपलेत की ऐकताहेत, ते कळत नसे. मराठी त्यांना येतच नव्हतं.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि शाळेभोवतीच्या जामबाग मोहल्ल्यातली बरीच मराठी घरं औरंगाबादकडे गेली. मुलं कमी पडली तर वर्ग बंद, असा सरकारी नियम. म्हणून तपासणीच्या दिवशी आम्ही शेजारच्या तेलुगू वर्गातली मुलं उसनी आणून मागे बसवली. साहेबांनी छत्रीनं नेमकी त्यांतलीच एक मुलगी उठवली. "एक पद्य बोलो."

ती खणखणीत तेलुगूत सुरू झाली. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. माझ्या हातातला खडू मोडला. मध्येच ती अडखळली, तर साहेबांनी डोळे न उघडता पुढची ओळ चालीवर म्हणून दिली.

पद्य संपलं. मी कशीबशी म्हणाले, "साहेब, ते जरा..."

"हौ पंतुलम्मा. मराठी अच्छी चल रई. चलने देव."

दारात छत्री उघडता उघडता ते वळले. "अगले साल इस छोकरी कू एक मराठी पद्य भी सिखा देव."

मी नुसतं "हौ" म्हटलं.