ॲड-ऑन बंद केलं आणि बाळूचा फोन आला

मंडळी, आज डोकं सुन्न झालंय.

श्रीगोंद्यात माझी ऊसरोपांची नर्सरी आहे. तिची वेबसाइट बाळूनं, माझ्या वर्गमित्रानं, करून दिली. तेव्हा लॅपटॉपला हळदीकुंकू वाहून नारळही त्याच्याच हातून फोडला. पुढं त्यानंही मिरजगावला नर्सरी टाकली. मला आनंदच झाला.

साइट लई रेंगाळत होती, म्हणून सकाळी नको असलेली ॲड-ऑन काढायला बसलो. 'थेट कॉल करा' असं बटण देणारं एक ॲड-ऑन मी कधी मागितल्याचं आठवेना. बंद करून टाकलं. आता पानावर फक्त खाली लिहिलेला माझा नंबर उरला.

आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले! यंदा असे कधी आलेच नव्हते.

दुपारी बाळूचा फोन. "आरं, साईटीला हात लावला का तू? सकाळपासनं मला एक बी फोन न्हाई."

मी म्हणालो, "माझ्या साईटीवरनं तुला कशाला येतील फोन?"

त्यानं फोन ठेवला.

उद्या त्याच्याकडं जागरण-गोंधळ आहे. "तू आल्याबिगर दिवटी पेटायची न्हाई," असं घरी येऊन सांगून गेलाय.

सांगा, जाऊ का?