माडीच्या खिडकीची काच

ओल्या चुन्याचा वास आला की मला जालन्यातली आमची माडी आठवते. निजामाचं राज्य होतं. बाजारगल्लीत भिंतीला भिंत लावून घरं, खाली दुकान, वर माडी आणि माडीच्या खिडकीला लाकडी जाळी. दुपारी आई त्या जाळीआड बसून अख्खा बाजार बघायची; खालून ती कुणाला दिसायची नाही. वडलांना नव्याची भारी हौस. त्यांनी परतूरहून सुतार बोलावला, जाळी काढून काच बसवली. "आता उजेड बराबर आला का न्हाई?" ते खुशीत म्हणाले. "उजेड आला, पण सारा बाजार वर बघून राह्यला. मंग मी कुठं बसू?" आईनं विचारलं. वडील हसून दुकानात गेले. संध्याकाळी वर आले तर आख्खी काच चुन्यानं पांढरी, आणि केसातल्या आकड्यानं खरवडलेलं डोळ्याएवढं एकच भोक.  पुढं दर दिवाळीला काचेला चुना ते स्वतः द्यायचे, भोक सांभाळून. परवा कित्येक वर्षांनी मी त्या माडीवर गेले. दोघंही आता नाहीत, चुना पिवळा पडलाय. आईच्या जागी मांडी घालून बसले, तर भोक बराबर माझ्या डोळ्यासमोर आलं.