वळणावरचा नारळ

गावाबाहेरच्या वळणावर आज पुन्हा कुणीतरी नारळ फोडला होता. परवा तिथं शेजारच्या सुमनताईचा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. लोक म्हणतात, जागा वाईट आहे, बळी घेते. मी रोज गवताचा भारा घेऊन तिथूनच येते, मला त्या जागेनं कधी अडवलं नाही. मुलगा हळदीच्या जेवणातून पिऊन निघाला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दारूला नावं ठेवावीत तर ती घरोघरी बसलेली. वळण बिचारं उलटून बोलत नाही.

आज दुपारी बारशाच्या घरी माझे दीर पिऊन उठले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "बस गं मागं, सोडतो घरी."

मी चार माणसांत बोलत नाही. तरी पुढं होऊन गाडीची किल्ली काढून घेतली.

"वहिनी, मला चढलेली नाही!"

"नसेल भाऊजी. मग चला की आमच्याबरोबर पायी."

बायका हसल्या. भाऊजी तणतणत पुढं निघाले, झोकांड्या खात, पण स्वतःच्या पायांवर. आता महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. चालेल. रुसलेलं माणूस घरात तरी असतं.