लाल दिव्याखालची अंडी आणि कर्णिक डॉक्टरबाई

डॉ. मंदाकिनी कर्णिक यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या कोंबड्या भेदरून एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. मी पेणजवळच्या गडब गावची. आमच्या बचत गटाने नुकतीच गावठी कोंबड्यांची शेड घातली होती आणि पेणहून जनावरांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई बघायला येणार, एवढंच मला ठाऊक होतं. माझे यजमान डोलवीला कंपनीत कंत्राटावर. रंगीत उजेडात कोंबडी जोमाने वाढते, असं शिफ्टमध्ये कुणाकडून तरी ऐकून त्यांनी गणपतीच्या मखराची लुकलुकणारी माळ शेडमध्ये टांगली होती. डॉक्टरबाईंनी दारातूनच माळ बघितली, कोपऱ्यात दडलेली पाखरं बघितली आणि विचारलं, "यांच्यात लग्न कुणाचं आहे?"

यजमान ओशाळले. "रंगीत उजेड चांगला असतो, असा बोलतात ना?"

"असतो. पण कुठला रंग, कुणाला आणि कशासाठी, हे विचारलंत का?"

त्यांनी पिशवीतून बॅटरी काढली, पेटवली आणि माझ्या तळहाताला खालून टेकवली. बोटं लाल दिसायला लागली. "बघा, हाताच्या आरपार कुठला रंग आला? लाल. कोंबडीच्या डोक्याच्या हाडातूनही तोच जास्त आत पोचतो. मेंदूला वाटतं दिवस मोठा झाला, आणि कोंबडी अंड्यावर येते, म्हणजे अंडी द्यायला लागते. म्हणून लाल दिवा अंड्यावरच्या कोंबड्यांना. पिल्लांना हिरवा नाहीतर निळा. त्यात ती शांत राहतात, खातात, वाढतात." एवढं सांगून त्यांनी माळ स्वतःच्या हाताने सोडवली. मी शाळेत विज्ञानात कधी धड पास झाले नाही, पण त्या दिवशी शिकलेलं अजून विसरलेले नाही.

नोकरीत असताना डॉक्टरबाई बरीच वर्षं रोह्याला होत्या. तिथल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. अंडी उबवायच्या मशीनमध्ये त्यांनी हिरवा दिवा लावला, तेव्हा वरचे साहेब म्हणाले, "पिल्लांना कवचातच सिनेमा दाखवताय काय?" डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. एकाच कळपातली अंडी घेतली, निम्मी साहेबांच्या अंधारात ठेवली, निम्मी आपल्या उजेडात. उजेडातली पिल्लं थोडी आधी बाहेर आली आणि पुढे वाढलीही बरी. मात्र एकूण पिल्लं किती निघाली, त्यात म्हणावा असा फरक पडला नाही. दुसरं कुणी असतं तर ही शेवटची गोष्ट गिळून टाकली असती. डॉक्टरबाईंनी साहेबांना तीच आधी सांगितली. जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं, आणि तेवढं मात्र कुणाच्या बापाला न घाबरता बोलायचं, हा त्यांचा स्वभाव आहे.

या स्वभावाची खरी परीक्षा माझ्या शेडवर झाली. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून लावलेल्या लाल दिव्याखाली आमच्या कोंबड्या छान अंड्यावर आल्या आणि गावात बोलणं सुरू झालं. लाल उजेडातली अंडी उष्ण पडतात, दोन जिवांच्या बाईने खाल्ली तर गर्भ टिकत नाही. शेजारच्या आत्याबाई रोज अंडी नेणाऱ्या, त्याही दारातून मागे फिरल्या. "नको गो नंदा. सुनेला दिवस गेल्यात. तुझी अंडी उष्ण हायत, असा बोलतात समदे." अंडी ट्रेमध्येच पडून राहायला लागली. तेव्हाचे सरपंच शेडवर आले आणि म्हणाले, "पांढरा दिवा लाव, विषय मिटला. नाय तर शेडबद्दल ग्रामसभेत इचार करावा लागंल." गटातल्या सगळ्याजणींच्या घरची भाजी त्या शेडवर शिजत होती. शेड गेली की आम्ही गेलो, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

मी स्टुलावर चढून लाल दिवा काढत असतानाच डॉक्टरबाई आल्या.

"नंदा, खाली उतर."

"बाई, दिव्यापेक्षा पोट मोठं."

"दिवा बदललास तर लोक म्हणतील, पाणी मुरत होतं म्हणूनच बदलला. माझी चूक असेल तर मी स्वतः काढीन. चूक नसताना का काढायचा?"

मला संताप आला. त्यांना पेन्शन होती, आम्हांला कोंबड्या होत्या. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. त्या जराही रागावल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. "मग उद्यापासून मीही अंडी विकायला बसते."

आणि बसल्या. पेणच्या कर्णिकांच्या घरातली, आयुष्यभर सरकारी खुर्चीत बसलेली बाई हायवेच्या कडेला पाटावर, पुढ्यात अंड्यांचे ट्रे. नातेवाईक वडखळकडून येता-जाता गाडीची काच वर करून पुढे जायचे. कुणीतरी फोन करून घराण्याच्या अब्रूची आठवणही करून दिली. डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, "किती देऊ, एक डझन की दोन?"

त्यांच्या सूनबाईंनाही तेव्हा दिवस गेले होते. सूनबाई म्हणाल्या, मी येते आणि सगळ्या बायकांसमोर अंडं खाते. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरबाईंनी साफ नकार दिला. "एका बाळंतपणाने काहीच सिद्ध होत नाही, नीट झालं तरी नाही. आणि जे बाळ अजून जन्मलं नाही, त्याला मी साक्षीला उभं करणार नाही." त्या घरी आमचीच अंडी नेत होत्या, पण त्याचा गवगवा त्यांनी कधी केला नाही. त्या बसून राहिल्या, आणि जो विचारेल त्याला न कंटाळता सांगत राहिल्या.

शेवटी आत्याबाई आल्या. "डॉक्टरीणबाय, खरा सांगा. लाल उजेड अंड्यात उतरत नाय ना?"

"आत्याबाई, लाल लुगडं नेसून केलेली भाकरी तिखट लागते का?"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अर्धा डझन अंडी घेतली आणि वाटेत भेटेल तिला ते लुगड्याचं सांगत गेल्या. त्यानंतर गाव वळायला वेळ लागला, पण वळलं. शेडचा विषय ग्रामसभेत निघालाच नाही. सरपंचांनी चूक मात्र कधी कबूल केली नाही.

डॉक्टरबाईंच्या या गौरवग्रंथासाठी लेखात काय लिहिणार, हे कळवल्यावर मला एका संपादकांचा फोन आला. म्हणाले, बाईंच्या पंचाहत्तरीचा सोहळा आहे, तेव्हाचे सरपंच व्यासपीठावर असतील, तो अफवेचा भाग तेवढा गाळा. मी म्हटलं, त्यांना खुर्ची द्या, हार द्या, भाषणही करू द्या. लेख माझा आहे. डॉक्टरबाई नुसत्या प्रेमळ आहेत, एवढंच लिहायचं असेल तर दुसरं कुणीतरी बघा. त्या प्रेमळ आहेतच. माझ्या मुलीच्या बारावीच्या वर्षी त्यांनी तिला पेणच्या घरी ठेवून घेतलं, शिकवलं, आजारपणात उशाशी बसल्या. पण अडल्या वेळी आमच्या बाजूला बसायला पाट मागणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

यंदा तीच अफवा पुन्हा उठली, या खेपेला मोबाईलवर. अंड्यांच्या फोटोखाली लाल अक्षरांत इशारा. आमच्या गटातल्या बायका घरोघरी गेल्या, शेडचं दार उघडं टाकलं, ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला होता त्यांना बोलावून कोंबड्या दाखवल्या, उत्तरं दिली. ज्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, तिथे ठाऊक नाही म्हणून सांगितलं. पंधरवड्यात सगळं थंड झालं. डॉक्टरबाईंना हे फार उशिरा कळलं, तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या.

"एवढं सगळं झालं आणि मला एक फोन नाही?"

मी म्हटलं, "बाई, गरज नाय पडली."

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत बसल्या. त्यांच्या हाती आजवर जेवढी मानपत्रं पडली असतील, त्यांपेक्षा ते एक वाक्य त्यांना जास्त पोचलं, असं मला वाटतं.

डॉक्टरबाई, तुम्हांला भरपूर आयुष्य लाभो, आणि ते हिंडतंफिरतं, दणकट असो. आमची भांडणं आता आम्ही भांडू. तुम्ही फक्त बघायला असा.