पोराला बघायला आलेला पाहुणा

आधी तिचं सांगतो, मग काय झालं ते. आमच्या मुलाच्या शाळेत खेळाडूंच्या दुखापती बघणारी एक मुलगी आहे. तिला ट्रेनर म्हणतात. खांद्याला बर्फ लावणं, मनगटाला पट्ट्या गुंडाळणं, मैदानात कुणी पडलं की सगळ्यांच्या आधी धावत जाणं, हे तिचं काम. आईवडील पुण्याचे, पण ती जन्मली, वाढली इथंच, न्यू जर्सीत. मराठी अडखळत बोलते, पण बोलते. मला काका म्हणते. आम्ही घरात तिला डॉक्टरीणबाई म्हणतो. ती डॉक्टर नाही हे तिनं किती वेळा सांगितलं, आमच्या तोंडातून ते जात नाही. ती नसती तर त्या वसंतात मी जो घोळ घातला तो निस्तरायला मला तोंडच उघडता आलं नसतं.

मी शिकलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली आणि कराडला एका खानावळीत भांड्यांवर उभा राहिलो. तिथून मुंबई, आणि पुढं एका मालकानं त्याच्या इथल्या हॉटेलात आचारी म्हणून आणलं. पिस्कॅटवेच्या आजूबाजूला आपली माणसं पुष्कळ, पण बहुतेक कंप्युटरवाली. त्यांच्यात बसलो की मी हसतो आणि भाजीत मीठ बरोबर आहे ना, एवढं विचारतो. कागद आला की छाती धडधडते. फोनवर अनोळखी नंबर आला की आधी वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

मुलगा मात्र इथला. त्यानं बेसबॉल धरला. तो पिचर आहे, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा. उंच आणि डावखुरा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी त्याचा चेंडू इतका जोरात जायला लागला की जाळीमागं अनोळखी माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसायला लागली. हातात वेग मोजायचं यंत्र, डोक्यावर टोपी, चेहरा दगडासारखा. ते स्काउट. दर उन्हाळ्यात मोठे संघ शाळाकॉलेजांतली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि त्याच्या आधी गावोगाव फिरून कोण निवडण्यासारखं आहे ते हेरणं हे या माणसांचं काम.

त्यातला एक पिकल्या मिशांचा स्काउट मुलाच्या जवळजवळ प्रत्येक मॅचला यायचा. एक दिवस त्याचा फोन आला, घरी येऊ का म्हणून. मी मुलाला विचारलं, "घरी कशाला? बॉल काय हॉलमध्ये टाकायचाय?"

"बाबा, दे ऑल डू इट," तो म्हणाला. "हात त्यांनी बघितलाय. आता फॅमिली बघणार. मी कसा आहे ते बघणार."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे बघायला येणार आहेत. पोहे करते."

"आई, नो पोहे. प्लीज."

पोहे झालेच. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. सोफ्यावर नवी चादर आली. मुलाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. पाहुणा वेळेवर आला, बूट बाहेर काढले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. पोहे त्यानं आवडीनं खाल्ले, मिरची तेवढी बाजूला काढली. मला बरं वाटलं. वाटलं, माणूस साधा आहे.

मग त्यानं मला विचारलं, "तुमच्या मुलाबद्दल सांगा. घरी कसा आहे?"

आता, आपल्याकडं या प्रश्नाला एकच उत्तर असतं. पाहुण्यासमोर आपल्याच पोराचं कौतुक करायचं नसतं. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे दृष्ट लागते. माझ्या वडिलांनी माझं कधी केलं नाही, त्यांच्या वडिलांनी त्यांचं केलं नसणार. पाहुण्यानं विचारायचं, बापानं म्हणायचं "कसला काय, नुसता आळशी आहे", मग पाहुण्यानं म्हणायचं "छे छे, असं कसं, चांगला गुणी आहे", आणि बापानं मान खाली घालून मनातल्या मनात खूश व्हायचं. असंच चालत आलंय.

मी माझ्या हॉटेलातल्या इंग्रजीत म्हणालो, "लेझी. व्हेरी लेझी बॉय."

आणि थांबलो. त्याच्या "छे छे"साठी थांबलो.

तो म्हणाला, "ओके. लेझी म्हणजे कसा?"

माझी पंचाईत झाली. आता माघार घेतली तर खोटा ठरणार. मग मी पुढं बोलत गेलो. सकाळी उठत नाही. सारखा फोन. मोजे जिथं काढतो तिथंच. आता तरी हा "नाही हो" म्हणेल, आता तरी म्हणेल, असं वाटत होतं.

"कोचचं ऐकतो का?"

"नो लिसनिंग," मी म्हणालो. "नोबडी."

त्यानं फोनवर काहीतरी टिपून घेतलं. मुलाचे कान लाल झाले होते. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच उभी होती. पाहुणा चहा पिऊन, हात मिळवून गेला. त्याची पांढरी गाडी वळली आणि घरात स्फोट झाला.

"बाबा! व्हाय वुड यू से दॅट?"

"अरे, असं म्हणायचं असतं."

"कुणाला? ही इज अ स्काउट! जोरात बॉल टाकणारे खूप आहेत. हू इज लेझी, हू क्विट्स, तेच शोधायला तो येतो. अँड यू टोल्ड हिम, इट्स मी!" त्यानं शर्ट काढून सोफ्यावर फेकला आणि खोलीत गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

बायको म्हणाली, "अहो, मुलगी दाखवताना तरी कुणी असं बोलतं का? तिथं भरताला फोडणी द्यायला येत नसेल तरी सुगरण म्हणून सांगतात. तुम्ही तर हातानं मोडलंत."

पुढच्या मॅचला जाळीमागच्या खुर्च्यांत तो पिकल्या मिशांचा माणूस नव्हता. मी सामना बघितलाच नाही, नुसती पार्किंगकडं नजर. पांढरी गाडी दिसली की वाटायचं, तोच आला. मुलगा चांगला खेळला असं लोक म्हणाले. मला वाटत होतं, याची सगळी वर्षं, तो घाम, त्या पहाटा, मी एका कप चहाच्या वेळात घालवल्या.

सामना संपल्यावर मी गाडीपाशी घुटमळत होतो. डॉक्टरीणबाई बर्फाची पेटी ओढत आली. "काका, तब्येत ठीक आहे ना? तुम्ही असे का दिसता?"

मी सगळं सांगितलं. लेझीपासून नोबडीपर्यंत. ती आधी ओठ दाबून ऐकत होती, मग तिला इतकं हसू आलं की ती बर्फाच्या पेटीवरच बसली.

"सॉरी काका, सॉरी. पण माझे बाबा सेम! माझ्या ग्रॅज्युएशनला त्यांनी माझ्या प्रोफेसरला सांगितलं, हिला काही येत नाही, कशी पास झाली देव जाणे. प्रोफेसरनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

मला हसू येईना. ते बघून तीही थांबली. "हे सीरियस आहे, हो ना?"

"तू त्याला सांग ना," मी म्हणालो. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. सांग की पोरगा चांगला आहे."

"मी आपली पद्धत सांगेन, काका. ते मी नक्की करते. पण पोरगा कसा आहे ते तुम्ही सांगायचं. मला त्याचा खांदा माहीत आहे. तो तुम्हाला माहीत आहे." मग ती म्हणाली, "मी स्काउटला मेसेज करते. मी शेजारी उभी राहीन. घाबरू नका यार."

यार म्हणाली मला. त्या यारनं मला जरा धीर आला.

त्याच आठवड्यात तो स्काउट आमच्या सामन्याला येतोय असा तिला निरोप आला. मी मालकाकडं दुपारची सुट्टी मागितली. तो म्हणाला, "आज तंदूर कोण बघणार, तुझा बेसबॉल?" पण सोडलं.

मैदानावर ती मला सरळ जाळीमागं घेऊन गेली. तो खुर्ची मांडत होता. ती इंग्रजीत म्हणाली ते मला सगळं समजलं: "आमच्याकडं पाहुण्यासमोर स्वतःच्या मुलाचं कौतुक करत नाहीत. बाप नावं ठेवतो आणि पाहुण्यानं त्याच्याशी भांडायचं असतं. तुम्ही भांडायचं होतं."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी भांडायचं होतं?"

"हो. नाही नाही, किती छान मुलगा, असं म्हणायचं होतं."

"माझं वाक्य मला कुणी सांगितलंच नाही की," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. मग दुसरी खुर्ची उघडून माझ्यापुढं केली. "बरं, आता खरं सांगा."

आणि माझी जीभ टाळूला चिकटली. नावं ठेवताना कशी सरसर चालली होती! समोर मुलगा हात मोकळा करत होता. त्याला ऐकू जाईल का, हे मी आधी बघितलं. डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी म्हणाली, "मराठीत बोला, काका. मी सांगते त्यांना."

मग मी बोललो. म्हणालो, हा माझ्या आधी उठतो, आणि मी हॉटेलातला माणूस आहे, मी लवकर उठतो. थंडीत गॅरेजमध्ये जुनी गादी टांगून तिच्यावर बॉल मारत असतो, त्या धपधप आवाजानं त्याची आई कावते. त्याच्या दोस्ताच्या हातून सोपा झेल सुटला आणि मॅच गेली, तेव्हा हा त्याच्याशेजारी जाऊन बसला, आणि घरी येऊन म्हणाला, माझाच बॉल वाईट होता. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज भात यानं लावला, मऊ, तिला चालेल तसा. आणि मोजे जिथं काढतो तिथंच टाकतो हे मात्र खरं आहे.

"आणखी?" ती म्हणाली. ती सांगता सांगता मध्येच थांबत होती, नाक ओढत होती.

"आणखी म्हणजे, मी त्याला हे कधी सांगितलेलं नाही."

हे तिनं त्याला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असावं, कारण त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूहळू, मला कळेल असं बोलला. म्हणाला, दर वर्षी मी कितीतरी घरांत बसतो. प्रत्येक बाप सांगतो, माझा मुलगा सगळ्यांत आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो. मी ते ऐकतच नाही. तुम्ही आळशी म्हणालात तेव्हा मात्र दचकलो. दुसऱ्या दिवशी कोचला विचारलं, तो हसायला लागला. पोरगा आळशी नाही हे मला तेव्हाच कळलं.

"मग तुम्ही मागच्या मॅचला का नाही आलात?" मी न राहवून विचारलं.

"दुसऱ्या राज्यात एक पोरगा बघायचा होता." त्यानं खांदे उडवले. मी आठवडाभर ज्याच्यापायी जळत होतो ते एवढंच होतं.

"पण काळजी होती मला," तो पुढं म्हणाला. "मुलाची नाही. निवड झाली तर हा घरापासून लांब जाईल. बसनं फिरेल, हरेल, हात दुखेल. कुणाला तरी फोन करावासा वाटेल. त्या दिवशी तुमच्या घरातून निघताना मला वाटलं, याच्या घरी तो फोन कुणी उचलेल का?"

हे मला मराठीत सांगायची गरज पडली नाही. कराडला असताना खानावळीच्या कोपऱ्यावर पीसीओ होता. घरी फोन नव्हता आणि असता तरी मी काय बोललो असतो, ठाऊक नाही.

मी इंग्रजीतच म्हणालो, "आय पिक. कुकिंग स्टॉप, आय पिक."

त्यानं मान हलवली आणि हात पुढं केला. मग यंत्र उचललं, कारण खेळ सुरू झाला होता. मी तिथंच बसलो, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, आणि त्या मोसमात पहिल्यांदा मुलाचा एकेक चेंडू नीट बघितला. किती सोपं करून टाकत होता तो ते.

परतताना गाडीत मुलानं विचारलं, "तुम्ही तिकडे काय करत होता?"

"तुझ्याबद्दल सांगत होतो."

"ओह गॉड. अगेन?"

"या वेळी चांगलं सांगितलं."

त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "लाइक व्हॉट?" आणि मला सगळं परत सांगावं लागलं, गाडी चालवत, पुढं बघत. बरं झालं गाडी चालवत होतो. तोंडासमोर तोंड असतं तर जमलं नसतं.

जुलैत त्याची निवड झाली. अगदी वरच्या पोरांत नाही, बरंच खाली, पण झाली. लॅपटॉपवर त्याचं नाव आलं तेव्हा आधी आम्हाला कुणाला कळलंच नाही, मुलगा खुर्चीवर उभा राहिला तेव्हा कळलं. बायकोनं लगेच मीठमोहरी उतरवून तव्यावर टाकली आणि घरातला धुराचा भोंगा इतका वाजला की शेजारी दारात आले. त्यांना वाटलं आग लागली. आम्ही हसतोय, डोळे पुसतोय, टॉवेलनं धूर हाकतोय. कितीतरी महिन्यांनी मला कडकडून भूक लागली होती.

आता तो लांब आहे. फोन करतो. मी उचलतो. कधी नुसता "हॅलो बाबा" म्हणून गप्प बसतो, मीही कांदा चिरत गप्प बसतो. तेही चालतं.

डॉक्टरीणबाईला मी विचारलं, तुला काय देऊ? ती म्हणाली, "काका, काही नको. कम ऑन." पण तिचं एक स्वप्न आहे हे मला बायकोकडून कळलंय. तिला शाळेची नोकरी सोडून स्वतःचं छोटं क्लिनिक काढायचंय, खेळणाऱ्या पोरांसाठी. सध्या जमत नाही म्हणते. जमेल. मला त्यातलं काही कळत नाही, कागदपत्रं तर नाहीच. पण जागा मिळाली की ती घासायला, भिंती रंगवायला, टेबलं उचलायला माणूस लागतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, ही मुलगी कशी आहे, हे न लाजता सांगणाराही लागतो. ती हाक मारेल त्या दिवशी हॉटेलातला पगार कापला गेला तरी चालेल, मी जाईन. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती नको म्हणेल. म्हणून इथं लिहून ठेवतो: मी येणार.